गावावर आरोग्याचं संकट येतं तेव्हा खाजगी मदत: सांगली-साताऱ्यातून वारंवार येणारे प्रश्न

पूर, साथ, दरड, दुष्काळ. यांतलं काही आलं की सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले सरपंच, आशाताई, कंपन्यांचे अधिकारी, तरुण मंडळांची पोरं आणि पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले गाववाले ठरावीक प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला काय कमी आहे ते विचारा, मग खरेदीला निघा. पुढे 'पीएचसी' लिहिलंय तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र समजावं.

१. खाजगी क्षेत्र म्हणजे फक्त मोठ्या कंपन्या का?

नाही. कुपवाड, शिरवळ किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला कारखाना त्यात येतोच. पण गावातला मेडिकलवाला, बीएएमएस डॉक्टर, लॅब चालवणारा, जेसीबीचा मालक, टँकरवाला आणि ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे तो शेतकरी, हेही त्यात येतात. पहिल्या दोन दिवसांत कंपनीचा धनादेश उपयोगी पडत नाही, जेसीबी आणि ट्रॅक्टर पडतात.

आपल्या भागाला हे नवं नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं ते १८९४ मध्ये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तिथे १९६२ मध्ये आलं. मधल्या काळात सांगली-साताऱ्याकडचाच नव्हे, तर कर्नाटकातलाही पेशंट मिरजेच्या वाटेला लागत होता. आज कराडचं कृष्णा हॉस्पिटल, सांगलीचं भारती हॉस्पिटल अशी शिक्षणसंस्थांची रुग्णालयं मोठा भार उचलतात. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ कायद्याने खाजगी नाहीत आणि सरकारीही नाहीत. त्यांच्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

२. संकट जाहीर व्हायची वाट बघायची का? ते जाहीर कोण करतं?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. साथीसाठी १८९७ चा साथरोग कायदाही वापरला जातो. या अधिकारांत प्रशासन खाजगी वाहनं, इमारती, विहिरी ताब्यात घेऊ शकतं, आणि त्याचा मोबदला देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

पण मदतीला जाहीरनामा लागत नाही. एका गल्लीत चार घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, एवढं आशाताईला किंवा पीएचसीला कळवायला पुरेसं आहे. पूर किंवा दरडीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावा.

३. पूर ओसरला. आता गावाला नेमकं काय पाठवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळी राज्यभरातून बिस्किटं, बाटलीबंद पाणी आणि जुने कपडे ट्रक भरभरून आले. देणाऱ्यांची तळमळ खरी होती. पण पाणी उतरल्यावर भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, हरिपूर अशा नदीकाठच्या गावांपुढचे प्रश्न वेगळेच असतात.

पहिला प्रश्न पाण्याचा. विहिरी, आड, पाण्याच्या टाक्या, नळाच्या फुटलेल्या लाइनी, सगळ्यांत गढूळ पाणी शिरलेलं असतं. लागते ती ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण दमट गोदामात पडून राहिली की ते उतरत जातं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. म्हणून पोत्यावरची तारीख बघा आणि शक्य असेल तर नमुना तपासून घ्या. सोबत ओटी टेस्टचं (पाण्यातलं क्लोरीन तपासायचं) द्रावण द्या, म्हणजे जलसुरक्षकाला शेवटच्या नळावर क्लोरीन पोचलंय का ते रोज बघता येईल. एरवी तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम पुरतं, साथ असेल तर ०.५ लागतं. घरोघरी द्यायला मेडिक्लोरच्या (पाण्यात टाकायच्या क्लोरीन द्रावणाच्या) बाटल्या चांगल्या.

दुसरा प्रश्न मेलेल्या जनावरांचा आणि गाळाचा. गोठ्यात बांधलेली जनावरं बुडतात. ती उचलून खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरायला जेसीबी, डिझेल आणि चालक हवेत. हे काम करणाऱ्यांना गमबूट आणि जाड हातमोजे द्या. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या साध्या भेगेवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, पण त्या मंडळाने स्वतःहून वाटू नयेत. गरोदर बायांना आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत. कोणाला द्यायच्या ते पीएचसीचे डॉक्टर ठरवतील.

तिसरी गरज कोणाच्या डोळ्यांत भरत नाही: रोजच्या गोळ्या. बीपी, साखर, थायरॉइड, फिट्स यांच्या गोळ्या घरासोबत वाहून गेलेल्या असतात आणि चार दिवस खंड पडला की माणूस दवाखान्यात पोचतो. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि गावात वीज नसते. ज्याच्याकडे जनरेटरवर चालणारा फ्रीज आहे त्या मेडिकलवाल्याने तो आठवडाभर पीएचसीसाठी मोकळा ठेवला, तर ट्रकभर बिस्किटांपेक्षा त्याचा उपयोग मोठा. डायलिसिसचे पेशंट आणि दिवस भरत आलेल्या बाया यांना मात्र पाणी चढायच्या आधीच हलवावं लागतं. त्यासाठी गाडी आणि शहरात राहायची सोय, दोन्ही कोणी तरी दिलं पाहिजे.

यानंतर सॅनिटरी पॅड, मच्छरदाण्या, जमिनीपासून वर झोपायला काही तरी, फिनेल, आणि पाण्यात गेलेल्या उपकेंद्राचा रेफ्रिजरेटर. नाव (होडी) देणार असाल तर लाइफ जॅकेट आणि नाव चालवायला शिकलेली माणसं यांसह द्या. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी नाव उलटून गावची माणसं गेली, हे कोणी विसरलेलं नाही.

४. घरातली उरलेली औषधं किंवा दुकानातला जुना माल दिला तर चालेल का?

घरातली नकोच. पाकिटं अर्धी फाडलेली, तारीख दिसत नाही, ती कशी ठेवली होती ते कोणाला ठाऊक नाही. अशी औषधं निवडत बसण्यात फार्मासिस्टचा दिवस जातो. दुकानदाराने द्यायची तर सीलबंद, वर्षभर तरी मुदत शिल्लक असलेली, औषधाचं मूळ नाव स्पष्ट छापलेली आणि पीएचसीने मागितलेलीच द्यावीत. फिजिशियन सॅम्पलची खोकी देऊ नयेत.

५. मदत कोणाच्या हाती द्यायची? पीएचसी, सिव्हिल की ग्रामपंचायत?

पीएचसी आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची असतात. त्यांच्यासाठीचं मोठं साहित्य जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने द्यायचं. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे येतात. मिरजेचं आणि सांगलीचं सरकारी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की महिनाभर फिरत राहतं, म्हणून हे ध्यानात ठेवा.

छोट्या वस्तू आणि पैशांसाठी रोगी कल्याण समिती असते, पावती तिच्या नावाची घ्या. पाणी शुद्धीकरणाचं साहित्य ग्रामपंचायतीकडे द्या, कारण टीसीएल टाकण्याची जबाबदारी तिची आहे. गावाला पाण्याबाबत लाल (जास्त धोका), पिवळं की हिरवं (कमी धोका) कार्ड मिळालंय ते विचारलंत, तर तिथे गरज किती आहे ते लगेच समजेल.

६. कंपनीने मदत करणं कायद्याने बंधनकारक आहे का?

सगळ्या कंपन्यांना नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांतली एक जरी मर्यादा गाठली तर मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. सरासरी नफा १० कोटी असेल तर वर्षाला २० लाख. आरोग्य, स्वच्छता, पिण्याचं पाणी आणि आपत्ती निवारण हे सगळं या यादीत बसतं. कोविडवरचा खर्चही त्यात धरला जाईल, हे केंद्राने २३ मार्च २०२० रोजीच सांगितलं होतं.

कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. पण ती दिशा आहे, सक्ती नाही. म्हणजे "आमच्या गावाच्या हद्दीत कारखाना आहे, दोन टक्के आमचेच" असा दावा गावाला कायद्याने करता येत नाही. नीट मागणी मात्र करता येते: पीएचसीचं पत्र, वस्तूंची यादी, अंदाजे किंमत आणि ती पुढे कोण सांभाळणार याचा ठराव. आमचा अनुभव असा की अशी मागणी घेऊन जाणारी गावं फार थोडी असतात, आणि जी जातात त्यांचं काम सहसा होतं.

स्वतःच्या कामगारांपुरता केलेला खर्च, उदाहरणार्थ फक्त कर्मचाऱ्यांचं लसीकरण किंवा तपासणी, या दोन टक्क्यांत मोजता येत नाही.

७. आमच्याकडे कंपनी नाही, साखर कारखाना आहे. त्याला हाच नियम लागू होतो का?

कारखाना खाजगी कंपनीचा असेल तर होतो. सहकारी असेल तर नाही, कारण तो सहकारी संस्था कायद्याखाली येतो. मात्र त्या कायद्यातही नफ्यातला काही भाग सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येतो. इथे मागणी करण्याची जागा वार्षिक सभा आहे आणि मागणारे तुम्ही सभासदच आहात.

कारखान्याची खरी ताकद पैशांपेक्षा इतर गोष्टींत आहे. पूर येतो तेव्हा गाळप बंद असतं. वाहनं, गोदामं, वर्कशॉप, विश्रामगृह आणि कामाची माणसं मोकळी असतात. २०२० मध्ये डिस्टिलरी असलेल्या कारखान्यांनी परवानगी घेऊन सॅनिटायझर बनवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोड मजूर फडात अडकले होते, आणि त्यांचं जेवण, निवारा, तपासणी कारखान्यांनी बघावी असं सरकारला सांगावं लागलं. ते सांगावं लागू नये असं मनापासून वाटतं. तोडकऱ्यांच्या खोपटांत गोवर, जुलाब किंवा कावीळ पसरली तर ती गावाचीही साथ असते. हंगाम सुरू होतानाच कारखान्याने त्यांच्या लेकरांच्या लसीकरणाची आणि गरोदर बायांची यादी पीएचसीला दिली पाहिजे.

८. कंपनीने मुख्यमंत्री सहायता निधीला पैसे दिले तर ते दोन टक्क्यांत धरले जातात का?

नाही. केंद्राने एप्रिल २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि पीएम केअर्स यांना दिलेले धरले जातात, राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कोविडसाठी दिलेलेही धरले गेले. मुख्यमंत्री निधीला द्यायला कोणी अडवत नाही, त्यावर करसवलतही आहे (प्रश्न १७). फक्त कंपनीने ते दोन टक्क्यांच्या पलीकडचं दान समजावं. गावासाठी काही करायचं असेल तर थेट पीएचसीचं काम हाती घेतलेलं बरं, असं आमचं मत आहे.

९. आम्हाला गावाला ॲम्ब्युलन्स द्यायची आहे. पुढे काय?

आधी थोडं थांबा. गाडी एकदाच घ्यायची असते, चालक, डिझेल, विमा, टायर आणि दुरुस्ती दर महिन्याला लागते. देणाऱ्यांचं लक्ष पहिल्या खर्चावर असतं, गाडी बंद पडते ती दुसऱ्यामुळे. फीत कापून दिलेली गाडी दोन वर्षांत शेडमध्ये उभी राहिल्याची उदाहरणं दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

तुमच्या भागात आधी काय चालू आहे ते बघा. १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तीही सरकार आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतून. राज्यभर ९३७ गाड्या घेऊन ती उभी राहिली. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी वाड्यांची अडचण बहुधा गाडी नसण्याची नसते. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पेशंट आणायचा कसा, ही अडचण असते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा रस्तेच तुटले होते. अशा ठिकाणी घडीची स्ट्रेचर, दोर, बॅटऱ्या, गावातल्या पोरांना दिलेलं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि चारही चाकांच्या जोरावर (फोर-व्हील ड्राइव्ह) चढ चढणारी एखादी जीप यांचा उपयोग मोठ्या गाडीपेक्षा जास्त.

तरीही गाडीच द्यायची ठरली, तर मालकी कोणाची ते आधी ठरवा. सामाजिक निधीतून घेतलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती जिल्हा परिषदेसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या, नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या किंवा लाभार्थी समूहाच्या नावावर करावी लागते. करार करा, आणि त्यात किमान ३ वर्षांचा चालक-डिझेलचा खर्च कोण देणार ते लिहा. तेवढी तयारी नसेल तर आहे त्या गाडीचा एका वर्षाचा चालक द्या. त्याने कोणाचं नाव दारावर रंगवलं जाणार नाही, पण पेशंट पोचेल.

१०. कोविडमध्ये मिळालेल्या ऑक्सिजनच्या यंत्रांचं काय करायचं? पुन्हा तीच द्यायची का?

एप्रिल २०२१ मध्ये सिलिंडरसाठी लोक रात्रभर फिरले. २२ एप्रिलपासून केंद्राने मोजके उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा ऑक्सिजन बंद केला आणि तो रुग्णालयांकडे वळवला. वेल्डिंगची, फाउंड्रीची दुकानं बंद ठेवून कारखानदारांनी सिलिंडर रिकामे करून दिले, हे त्या काळातलं मोठं योगदान. त्याची नोंद फारशी कुठे झाली नाही. नंतर कंपन्यांनी काँसन्ट्रेटर दिले, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्रकल्प उभे केले.

पीएसए प्रकल्पातून साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. त्यासाठी कॉम्प्रेसर चालू लागतो, फिल्टर बदलावे लागतात, झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) कोरडं राहावं लागतं. प्रकल्प महिनोन् महिने बंद राहिला तर पुढच्या साथीत तो भरवशाचा राहत नाही. तेव्हा नवं यंत्र देण्याआधी आहे त्याचा देखभाल करार करून द्या. एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे फिटर, इलेक्ट्रिशियन आहेतच. महिन्यातून एक दिवस त्यांनी ग्रामीण रुग्णालयाचा प्रकल्प चालवून बघितला, जनरेटर तपासला, तर ही मदत कोणत्याही देणगीइतकी मोलाची. काँसन्ट्रेटर पीएचसीत पडून असतील तर दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुन्या पेशंटांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरी वापरायला देण्याची पद्धत रोगी कल्याण समितीला ठरवता येते. यंत्र चालतं राहतं आणि कोणाला तरी श्वास मिळतो.

११. तातडीच्या वेळी खाजगी हॉस्पिटल "आधी डिपॉझिट भरा" म्हणू शकतं का?

जीव धोक्यात असेल तर आधी प्राण वाचवणारे उपचार, हे १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, त्याच्यावर हे बंधन आहे.

धर्मादाय रुग्णालयांना आणखी स्पष्ट नियम आहेत. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए खालच्या योजनेत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, स्थिर करायचं आणि गरज पडली तर सरकारी रुग्णालयात पोचवायचं, हेही या योजनेत आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड जवळ ठेवा. दाद मागायची जागा जिल्ह्याचं धर्मादाय आयुक्त कार्यालय.

१२. आणि बिल? साथीत दर ठरवून दिले होते, ते अजून लागू आहेत का?

ते दर त्या काळापुरते होते. मे २०२० मध्ये राज्याने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. आज तसा आदेश नाही, पण पुन्हा साथ आली तर काढता येतो. २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावलेली असली पाहिजे, आणि बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण यादीतल्या आजारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी भेटून उपयोग होत नाही.

१३. मी गावात खाजगी दवाखाना चालवतो. माझ्याकडून काय अपेक्षा आहे?

सगळ्यात आधी, कळवणं. साथीचा पहिला पेशंट बऱ्याचदा तुमच्याकडे येतो, पीएचसीत नाही. एकाच वस्तीतून आठवड्यात तीन कावीळ दिसल्या तर त्याच दिवशी फोन करा. टीबीचा पेशंट कळवणं खाजगी डॉक्टरला कायद्याने बंधनकारक आहे. डेंग्यूच्या रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट संशयित धरतात, खात्री एलायझा चाचणीने होते, म्हणून नमुना सरकारी प्रयोगशाळेला जाऊ द्या. पेशंट हातचा जाईल ही भीती असते, हे समजतं. पण पीएचसी पेशंट नेत नाही, ती त्याच्या गल्लीतली डासांची पैदास शोधते.

१४. मंडळातर्फे आरोग्य शिबिर घ्यायचं आहे. परवानगी लागते का?

पीएचसीला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा, तपासणारे डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना ते बघा. सुया, कापूस, रक्ताचे नमुने यांचा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत येतो आणि ते नियम शिबिरांनाही लागू आहेत. उकिरड्यावर टाकायचा नाही. शिबिरात साखर किंवा बीपी सापडलेल्यांची यादी त्याच दिवशी पीएचसीला द्या, नाहीतर त्या माणसांचं पुढे काहीच होत नाही.

१५. आमच्याकडे पूर नाही, पाणीच नाही. दुष्काळात कंपनी किंवा टँकरवाले काय करू शकतात?

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागांतून हा प्रश्न येतो आणि तो आरोग्याचाच आहे. पाणी आठवड्याने आलं की लोक ते पिंपात, टाक्यांत साठवतात. उघड्या पिंपात डेंग्यूचे डास होतात आणि हात धुणं कमी झालं की जुलाब वाढतात. म्हणून टँकरसोबत झाकणाची पिंपं आणि मेडिक्लोर द्या.

टँकर आधी कशासाठी वापरला होता ते विचारा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने कृष्णेचं पाणी गेलं. पहिल्या गाडीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर. त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात धुऊन घेतल्या होत्या. गावात येणाऱ्या टँकरलाही तोच नियम लावा: टाकी धुतलेली, भरतानाच टीसीएल टाकलेलं, वाटताना ओटी टेस्ट केलेली. खाजगी विहीर अधिग्रहित झाली तर मालकाला मोबदला मिळतो. ती विहीर पिण्यासाठी योग्य आहे का याची तपासणी पाणी सोडण्याआधी झाली पाहिजे.

१६. गावचे लोक गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर आहेत, काही परदेशात आहेत. त्यांचे पैसे घेता येतात का?

विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव देशात कुठेही असोत, त्यांची वर्गणी ही देशातलीच देणगी. काही अडचण नाही. परदेशात नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर तेही परदेशी योगदान मानत नाहीत. त्याने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र मानतात, मग तो तुमचा सख्खा चुलता का असेना. अशा देणगीसाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी योगदान कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावे लागतात. मंडळाच्या साध्या खात्यावर ते कधीही घेऊ नका, भले संकट कितीही मोठं असो.

१७. देणगीवर करसवलत मिळते का?

८०जी प्रमाणपत्र असलेल्या संस्थेला दिली तर. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या रकमेवर १०० टक्के. २,००० रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूपातली देणगी यांना सवलत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही नाही.

१८. ज्या कारखान्याच्या सांडपाण्यानेच विहिरी खराब झाल्या, त्याने टँकर पाठवून तो खर्च सामाजिक निधीत दाखवला तर?

चालत नाही. दुसऱ्या कोणत्याही कायद्याने जे करणं बंधनकारक आहे, त्यावरचा खर्च दोन टक्क्यांत धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करणं, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आदेशानुसार नुकसान भरून देणं ही जबाबदारी आहे, दान नाही. टँकर आला म्हणून तक्रार मागे घेऊ नका. पाण्याचे नमुने पंचांसमोर घ्या, पीएचसीकडून त्वचेच्या आणि पोटाच्या तक्रारींची नोंद करून घ्या, आणि मदत स्वीकारताना कोणत्याही "तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका. पाणी प्या, कारण तहान आहे. हक्क सोडू नका.

१९. देणारे फोटो मागतात. पेशंटचा फोटो द्यायचा का?

साहित्याचा, पावतीचा, हस्तांतराचा फोटो द्या. सलाइन लावलेल्या, भिजलेल्या, रडणाऱ्या माणसाचा देऊ नका. टीबी, एचआयव्ही किंवा गरोदरपण उघड होईल असा तर कधीच नाही. मालाची जाहिरात म्हणून केलेला खर्च तसाही सामाजिक निधीत बसत नाही.

२०. कंपनीने आमच्या गावावर किती खर्च केला ते कसं कळणार?

बंधन असलेल्या कंपनीला तिचे प्रकल्प संकेतस्थळावर आणि संचालकांच्या अहवालात दाखवावे लागतात. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवरही कंपनीनिहाय आकडे मिळतात. संस्थेमार्फत काम झालं असेल तर तिची सीएसआर-१ नोंदणी आहे का विचारा. पीएचसीला, जिल्हा परिषदेला काय मिळालं ते माहितीच्या अधिकारात मागता येतं, आणि ग्रामसभेत तर तोंडी विचारता येतं. कागदावर ५० बेड आणि दवाखान्यात १२ असं दिसलं तर आधी हस्तांतराची यादी मागा. कधी बाकीचे बेड शेजारच्या पीएचसीत असतात, कधी नसतात.

२१. साथ संपली, साहित्य उरलं. ते दुसऱ्या गावाला देऊ शकतो का?

पीएचसीच्या जडवस्तू नोंदवहीत चढलेली वस्तू परस्पर हलवता येत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र घ्या, दोन्ही केंद्रांच्या नोंदवह्यांत तशी नोंद करा, मग द्या. मंडळाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असलेली वस्तू ठराव करून देता येते. देणाऱ्याला एक ओळ कळवा, बहुतेकांना आनंदच होतो. मुदत संपत आलेली औषधं तीन महिने आधीच जास्त पेशंट असलेल्या केंद्राला पाठवा. मुदत संपलेली पुरू नका, नदीत टाकू नका, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीत द्या. आणि टीसीएलची उघडलेली पोती पुढच्या पावसाळ्यासाठी जपून ठेवू नका. क्लोरीन उडून गेलेलं असेल. मे महिन्यात नवी मागवा.